तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या कपाटाबाबत

जबाब देणार: वय ५५ वर्षे, धंदा कारखान्यात सुरक्षा अधिकारी, राहणार मागची गल्ली, तिसरा मजला.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, माझी मुलगी नोकरीसाठी आज परगावी राहायला गेली. तिचे कपाट मागाहून टेम्पोने जाणार होते. ते जिन्यात मावेना, म्हणून गॅलरीतून दोन दोरांनी खाली सोडत होतो. मुख्य दोर हमालाकडे, आधाराचा माझ्याकडे.

सकाळी १०.०५ वाजता कपाट शेजारच्या चित्रकला शिक्षकांच्या स्कूटरवर पडले. आतले अग्निशामक नळकांडे फुटून जवळ उभे असलेले शिक्षक पावडरीने नखशिखांत पांढरे झाले. इजा कोणासही नाही. हमालाने दोर सोडला, अशी शिक्षकांची तक्रार असल्याने त्यास ठाण्यात बसवले आहे.

मी घरी बसून अपघाताचा दोषवृक्ष काढला, तो सोबत आणला आहे. यात वर अपघात लिहून खाली फांद्यांवर त्याची कारणे शोधतात. हवालदार म्हणाले, "साहेब, झाड नको, माणूस सांगा."

मी सांगितले की, कपाट पडायला दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. पहिली, मुख्य दोर हमालाच्या हातून सरकला. कारण वजन जास्त होते. कपाट रिकामे आहे, असे त्याला मीच सांगितले होते. प्रत्यक्षात अग्निशामक, हत्यारांची पेटी, औषधांचा डबा आणि तीन टॉर्च मी आदल्या दिवशी गुपचूप आत ठेवले होते. मुलीने "बाबा, यातलं काही नको" असे चारदा बजावले होते.

दुसरी, आधाराचा दोर सुटला.

"का सुटला?" असे विचारल्यावरून सांगतो की, त्याच वेळी मुलगी खाली टॅक्सीत बसली. तिने वर पाहून हात हलवला. मीही हलवला. दोन्ही हात.

टॅक्सी वळल्यानंतर आवाज आला.

हमाल बाकावरून म्हणाला, "साहेब, टाटा एका हातानंही करता येतो." हे खरे आहे. हमालाची काही चूक नाही, त्यास सोडावे. स्कूटर मी दुरुस्त करून देईन.

पत्नीने आकृती पाहून "एवढ्या फांद्या कशाला, बुंध्यावरच तुमचं नाव घाला" असे म्हटले आहे.

जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. वाचन चालू असताना मुलीचा फोन आला. कपाट निघालं का, असे तिने विचारले. खाली आलं, एवढेच मी सांगितले.