मांडव पडला तवाचं गाणं

— न्हाई न्हाई सर, चप्पल राहू द्या पायात, इथं कोण बघायलंय. आन् मी जिन्यात सांगायलो होतो ते शंभर टक्के खरं हाय, अमरेश्वराची शपथ घेऊन सांगतो, गाणी भरलेली डिस्क रिकाम्या डिस्कपेक्षा जड असती. प्रशांतकुमारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मी स्वतः तोलली. रिकामी होती तवा काटा जागचा हलला न्हाई, भरून नेली तर पावशेर जास्त! — आता पावशेर म्हणजे पावशेर न्हाई, छटाकभर. बरं, काटा त्या दिवशी बिघडलेला होता, प्रशांतकुमारनं हातात धरून सांगितलं. पण जड लागली, हे खरं. हसायलात कामून? तुम्ही मास्तर लोक, तुमाला सगळं पुस्तकात दिसलं तरच पटतं.

या, आत या. विजयश्रीनं — आमच्या मंडळीनं — खाली सांगितलं असंल, माडीवरची खोली रिकामी हाय म्हून. रिकामी! ही भिंत बघा. ही बघा. ह्या फळ्यांवर डबे हायत तसले, ते डबे न्हाईत सर, सगळ्या हार्डडिस्क हायत. आन् सगळ्यांत गाणी. किती? दोन लाख. — बरं, दीड. मोजायला बसलं की मधीच लाईट जाती, परत पहिल्यापासून. बसा की त्या खुर्चीवर, वायर तेवढी बाजूला करा. — हां, दाखवायलोय गं! दाखवायलोय की! खोली काय पळून जायली का? — बघा, ऐकलंत? तिला घाई हाय. हायस्कूलला नवीन मास्तर आलेत, कलबुर्गीचे हायत, एकटेच हायत, सभ्य हायत, खोली देऊन टाका. देऊ की. देऊच की. पण आधी ऐकून तर घ्या, कशात राहायला यायलाव ते.

बस स्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं. तानाजीअण्णाचं दुकान म्हणलं की औरादमधलं लहान लेकरू बी बोट दाखवायचं. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, मेमरी कार्ड आलं — बायका पदराच्या गाठीतून कार्ड सोडवून द्यायच्या, नखाएवढं, अण्णा, भरून दे. आता कार्ड बी गेलं. आता मी मोबाईलची कव्हरं विकायलोय सर, काचा चिकटवायलोय. पण गाणी टाकून कशी द्यायची? आणली घरी. आन् घरी आणली म्हणजे संपलं का? ह्या डिस्क म्हाताऱ्या होतेत. चार-पाच वर्षं झाली की कुरकुर सुरू, मग हिच्यातलं तिच्यात उतरवा, तिचं उतरवून होईस्तोवर तिसरी कुरकुरती. निस्ता ह्या घरातला संसार त्या घरात न्यायचा, जन्मभर. गाणं ऐकायला म्हून कधी बसलो, आठवत बी न्हाई. कटाळा येतो सर. खरंच येतो. एकदा तर उंदरानं वायर कुरतडली, त्या दिवसापासून ती कोपऱ्यातली डिस्क निस्ती तेलुगू गाणी वाजवती. उंदीर तिकडचाच असणार, नारायणखेडचा. — बरं, राहिलं. उंदीर मातर होता.

आता तुम्ही इचाराल, दीड लाखात एखादं गाणं सापडतं कसं? इचारा की. — हां. तिथंच तर सगळी गंमत होती. गायकाच्या नावानं लावावं, व्हय ना? सिनेमाच्या नावानं, सालाच्या नावानं. अहो, माझ्या गिऱ्हाइकाला गायक कुठं ठावं होता! गौरम्मा यायची, भाजीवाली, म्हणायची, अण्णा, माझी पोरगी सासरला निघाली तवा जीपचा डायव्हरच रडायला लागला बघ, त्या वक्ताला लागलेलं गाणं टाक. ती असं मागणार आन् मी गायक शोधत बसू? मग मी काय केलं — गाण्याला नावच ते दिलं. ‘गौरम्माच्या पोरीचा डायव्हर रडला.’ दुसरं, ‘हरिओमचा नवा ट्रॅक्टर पूजेआधीच बंद पडला.’ ‘श्रीमंतच्या लग्नात मांडव पडला तवाचं.’ अशी सगळी. मराठी, कन्नड, हिंदी, आमच्या गावची मोहरमची गाणी, सगळं एकात एक, जसं वाजलं तसं. लोक दारात उभं राहून निस्तं सांगायचे कुणाचं काय झालतं, आन् मी बटण दाबलं की गाणं हजर. अर्ध्या तालुक्याची लग्नं, बारशी, भांडणं ह्या फळीवर होती सर. आन् मी स्वतः धरलेली, रेकॉर्ड केलेली बी होती. मेहकरची राजूबाई जात्यावर गायची, मी तिच्या चुलीपाशी मोबाईल ठेवून धरलं तिला. मधीच ती कोंबडीला शिव्या घालती, ते बी हाय त्यात.

होती म्हणालो का मी? — होती. हाय. हायत की गाणी, कुठं जातेत.

आमचा नीलेश, थोरला, हैदराबादला कंप्युटरमधी हाय. मागच्या येळवसला, येळा अमावस्येला, आला होता. सगळे शेतात जेवायला गेलो — तुमच्याकडं बी जातेतच की — आन् हा म्हणला, अप्पा, तुम्ही व्हा म्होरं, मी येतो. आम्ही भज्जी खाल्ली, आंबील पेलो, ह्याचा पत्ता न्हाई. मावळतीला घरी आलो तर हा हितं, तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर, उपाशी. तोंड असं फुललेलं. म्हणला, अप्पा, बघा! सगळी लायनीत लावली! कसला तरी प्रोग्राम हाय म्हणं, तो गाणं ऐकतो, इंटरनेटवर इचारतो आन् खरं नाव लिवतो. गायक, सिनेमा, साल. इंग्रजीत. चित्रासकट. मी म्हणलो, आन् माझी नावं? तर म्हणला, अप्पा, ती काय नावं होती का, मांडव पडला, ट्रॅक्टर बंद पडला — पुसली ती. मी म्हणलो, असू दे, दुसऱ्या डिस्कवर नक्कल हाय. तर म्हणला, तिथं बी केलं, दोन्हीकडं सारखं पाहिजे ना!

पोरगं दिवसभर उपाशी राहून बापासाठी राबलं होतं. मी म्हणलो, लई भारी केलास. विजयश्रीनं त्याला ताट वाढलं.

आन् जी गाणी त्या प्रोग्रामला वळखता आली न्हाईत — आमची, इथली — ती सगळी उचलून एका कप्प्यात टाकली. काय नाव दिलं ठाव हाय? ‘अननोन आर्टिस्ट.’ राजूबाईला अननोन! अहो, तिला आख्खा भालकी तालुका वळखतो, तिची कोंबडी सुद्धा वळखू येती! मोहरमला गाणारे अननोन, पाळणा म्हणणारी रुद्रम्मा अननोन. सगळी माणसं एकाच नावाची झाली, आन् म्होरं निस्तं ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन.

म्हून खोली आत्ताच देता येत न्हाई, एवढंच माझं म्हणणं. नावं पुसली डिस्कवरची. हितली कोण पुसणार? डोक्यातली? सगळी हायत. रोज दुकान बंद केलं की वर येतो, एकेक वाजवतो, परत नाव घालतो. झालंच की आता. वरीसभरात — बरं, दोन — सगळं जागच्या जागी, मग ही खोली तुमची. खोटं वाटायलं? थांबा, वाजवूनच दाखवतो. कुठलं बी घ्या. हे घ्या. ऐका... हां, सनई आली बघा. हे म्हणजे — हे श्रीमंतच्या लग्नात मांडव पडला तवाचं! बरोब्बर. सनईवाला कापडाखाली दबला होता, तरी बी वाजवायलाच होता, आम्ही आवाजावरनं शोधून काढलं त्याला. दुसरं घ्या. हे... ढोलकी... हे तर काय, मांडव पडला तवाचं. — मघाचं? मघाचं बी तेच म्हणालो का? अहो, दोन गाणी वाजली असतील की तेवढ्यात, मांडव पडायला येळ लागतो. एवढा मोठा मांडव! वाजवा तिसरं. तुम्हीच दाबा बटण. दाबा.

...

न्हाई, थांबा. ऐकू द्या. हे कन्नड हाय ना? बाईचा आवाज. ही... हे कुणाच्या तरी बारशाचं... रेणुकाच्या... न्हाई, रेणुकाच्या बारशाला तर... 

बंद करा सर ते.

असं हाय — नाव लिवलं होतं ना, म्हून डोक्यात ठेवलंच न्हाई. लिवलंय की, कशाला ध्यानात ठेवायचं? गाणं ऐकायचं, नाव लिवायचं, विसरून जायचं. विजयश्रीला वाटतं मी वर बसून नावं घालायलोय. मी बसतो. एक वाजवतो, मांडव पाडतो. दुसरं वाजवतो, परत मांडव पाडतो. पयल्यांदा मला बी खरं वाटायचं.

श्रीमंतच्या लग्नात मांडव पडला होता, सर. इचारा कुणाला बी, त्याच्या सासऱ्याचा हात मोडला होता. पोराचं जे सांगितलं ते खरं, राजूबाईचं खरं. नावं सगळी डोक्यात हायत, हे तेवढं माझं रचलेलं.

जावा तुम्ही खाली. तिला म्हणा, खोली पसंत पडली, एक तारखेपासून येतो. — न्हाई, त्या डिस्कला हात लावू नका. माझं मी काढतो. जावा.