मुक्कामवाला भाऊ

...नाही, पण मला एक सांगा, फुकटची वस्तू न्यायची आणि वर देणाऱ्यालाच शिव्या घालायच्या, ही कुठली रीत? देवळातला प्रसाद खाऊन कुणी म्हणतं का, 'साखर कमी पडलीय, उद्यापर्यंत सुधारा'? म्हणतं? नाही ना! पण तुम्हाला सांगतो, आमच्या लोणावळ्यात, भांगरवाडीतल्या अनघाच्या नशिबी नेमकं हेच आलं, आणि म्हणून ती बाई भर शनिवारी दुपारी, सासूला स्कूटरवर मागे बसवून, भुशी धरणाच्या रस्त्याला सूड घ्यायला निघाली! भुशीच्या रस्त्याला! शनिवारी! अहो, त्या रस्त्याला शनिवारी निघालेल्या माणसाचा राग गाड्यांच्या रांगेतच निवतो... पण अनघाचा निवेना. एकच घोष, "सोडणार नाही म्हणजे नाही सोडणार!"

आता तुम्ही म्हणाल, भानगड काय? तर अनघा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते, जावास्क्रिप्टमध्ये. ते काय असतं ते मला विचारू नका, मलाही तिनं दोनदा समजावलं आणि दोनदा मी मान हलवली. मला कळलं ते एवढंच, की प्रत्येक वेबसाइटवाल्यानं सगळं स्वतः लिहायची गरज नसते, तयार तुकडे मिळतात, त्यांना म्हणायचं प्लगइन, आणले की चिकटवले! तर हिनं असाच एक तुकडा केला. कॅलेंडर. हॉटेलवाल्यांसाठी, बंगलेवाल्यांसाठी, की पाहुणा कधी येणार, कधी जाणार, बोटानं दाबा, तारीख नोंदली. नाव ठेवलं 'मुक्काम'. आणि दिलं ठेवून इंटरनेटवर, घ्या म्हणाली, वापरा! लोकांनी घेतलं की हो, कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी घेतलं! कुणी थँक्यू म्हणालं, कुणी हसरा चेहरा पाठवला... आणि मग उगवला तो. नाव काय लावलेलं? 'कडक मावळा'!

पहिल्या दिवशी 'मुक्काम'च्या पानावर लिहितो, 'ब्रो, कॅलेंडर नॉट वर्किंग, फिक्स फास्ट.' ब्रो! हिला! हिनं आपलं नाव नुसतं ए. के. लावलेलं, त्यामुळे तो बिचारा... बिचारा कसला! दुसऱ्या दिवशी मराठीवर उतरला. 'भाऊ, जमत न्हाई तर कशाला करतो?' तिसऱ्या दिवशी, 'भाऊ, झोपला का?' आणि चौथ्या वेळेला तर कहर, 'भाऊ, तुझ्यापरीस आमचा गुराखी बरा, सांगितलेलं ऐकतो तरी!' तेही सगळ्या जगासमोर! तिथं जपानमधला माणूस वाचतोय, ब्राझीलमधला वाचतोय!

अनघा पेटली. रोज नवा बेत! कधी म्हणे, ह्याच्या वेबसाइटवर वर्षभर अमावास्याच दाखवते. कधी म्हणे, तारीख दाबली की गाढव ओरडेल अशी सोय करते. पण हात धजेना, कारण त्याच्या गाढवापायी इतरांच्या गिऱ्हाइकांना त्रास! मग तिनं काय केलं, तर त्याची तक्रार आली रे आली की न वाचताच बंद. 'चूक तुमच्याकडेच आहे', एवढं एक वाक्य, आणि बंद! पुन्हा आली? पुन्हा बंद! काय तो आनंद, काय ते समाधान!

सासू भागुबाई, मावळातल्या बेडसे गावची. ती म्हणाली, "आगं, त्या डबड्यात काय भांडती? मानसाच्या दारात जाऊन भांडावं, चार लोकं गोळा व्हत्यात, त्येलाबी लाज वाटती." आणि नेमकं त्याच आठवड्यात कडक मावळ्यानं आपल्या वेबसाइटचा फोटो टाकला, खाली पत्ता... भुशीजवळचा बंगला! अहो, जपान नाही, ब्राझील नाही, भुशी! अनघानं लॅपटॉप पिशवीत घातला, त्याचं एकेक वाक्य त्याच्याच तोंडून मोठ्यानं वाचून घ्यायचं म्हणून, आणि निघाली. "सोडणार नाही म्हणजे नाही सोडणार!" मागून सासू, "सोडू नगंस! पर ब्रेक दाब!"

पोचल्या. आणि बघतात तर अंगणात आधीच भांडण चालू! एका बाजूला पुण्याचं कुटुंब, पोरंबाळं, दोन गाड्या, आणि पुढे एक बाई मोबाइल उंच धरून, "अहो, आम्ही शनिवारचं बुकिंग केलंय, हे बघा कन्फर्मेशन, अक्षरं वाचता येतात ना तुम्हाला?" दुसऱ्या बाजूला चिंचवडचे आजी-आजोबा, आजोबा बॅगेवरच बसलेले, "आमच्या मुलानं सिंगापूरहून केलंय हो बुकिंग, शनिवारच म्हणाला तो, आता आम्ही परत कुठं जायचं?" आणि मधे पन्नाशीचा एक गडी, पार रडकुंडीला आलेला. तोच कडक मावळा! खरं नाव बाजीराव.

अनघानं पदर... पदर कसला, ओढणी खोचली. तोंड उघडणार, तेवढ्यात हाच तिच्यापुढे हात जोडून उभा! "ताई, तुमाला कॅम्पुटरातलं कळतं का? तुमच्या पिशवीत डबा दिसतूय म्हनून इचारतो. शहरातला पोरगा अर्धी वेबसाइट करून पळाला, बाकीची म्या व्हिडिओ बघून केली. समदं चालतंय, पर त्यो मुक्कामवाला भाऊ हाय ना, लय खडूस मानूस! सिंगापूरच्या गिऱ्हाइकानं शनवार दाबला की हितं शुक्रवार उटतो. धा येळा लिवलं त्येला. वाचतच न्हाई! म्हनतो, चूक तुमची!"

अनघाच्या पायाखालची फरशी सरकली हो! तिनं हळूच मोबाइल काढला, आपणच बंद केलेली तक्रार उघडली, आणि पहिल्यांदा वाचली. काय लिहिलं होतं? अगदी हेच! शनिवारचा शुक्रवार! चूक कुणाची? हिची! हिच्या कॅलेंडरला वाटायचं, सगळं जग भारतातच राहतं. सिंगापूरचं घड्याळ आपल्या पुढे, तिथं रात्री बाराला शनिवार लागला तरी आपल्याकडे शुक्रवारची रात्रच, म्हणून नोंद शुक्रवारची! शनिवार मोकळा दिसला, तो पुण्याच्या बाईंनी घेतला, आणि दोन बिऱ्हाडं एकाच अंगणात!

भागुबाईला हे काय माहीत? ती तोंड उघडून, "आरं बाबा, त्यो भाऊ म्हंजी हीच..." अनघानं असा चिमटा काढला, असा चिमटा काढला, की म्हातारी तिथंच, "आई आई गं!"

मग काय करणार? सूड घ्यायला गेलेली बाई ओट्यावर मांडी घालून त्याच्या वेबसाइटची दुरुस्ती करत बसली! आधी आपलं कॅलेंडर सुधारलं, मग नवं त्याच्याकडे चिकटवलं, मग सिंगापूरच्या मुलाला फोन लावून शनिवार दाबायला सांगितला. शनिवारच उठला! तोवर अंगणाचा न्याय भागुबाईनं केला. "म्हाताऱ्यास्नी खालची खोली द्या, जिना चढायला नगं. वरचं समदं ह्या बाईस्नी. अन् बाजीराव, तुमची खोली ह्यांच्या पोरास्नी. तुमी झोपा हितं ओट्यावर!"

"हितं? कुत्र्याशेजारी?"

"व्हय! त्येची हरकत न्हाई, म्या इचारलंय."

तेवढं मात्र अनघाला गोड लागलं. जाताना बाजीराव पोतंभर तांदूळ द्यायला लागला, इंद्रायणी, घरचा, ही नको नको म्हणते, तो स्कूटरच्या पुढ्यात ठेवतोय. "ताई, देवासारख्या आलात! त्या भाऊच्या जागी तुमी पायजे व्हत्या!" आता बोला! तोंड उघडावं तर गुन्हा आपलाच, मिटावं तर तो भाऊ आपणच! घरी येईपर्यंत पुटपुटत होती, "सोडणार नाही म्हणजे..." पण कुणाला, ते ठरेना.

आणि तुम्हाला सांगतो, सोमवारी सकाळी चहा घेत तिनं बघितलं, तर 'मुक्काम'च्या पानावर, साऱ्या जगासमोर, कडक मावळ्याची नवी ओळ. 'भाऊ, लोणावळ्याच्या एका ताईंनी बसल्या जागी दुरुस्त केलं. जरा शिक त्यांच्याकडून.' खाली लोकांचे अंगठेच अंगठे! जपानमधल्यानं दिला, ब्राझीलमधल्यानंही दिला!

अनघानं उत्तर लिहिलं, हे एवढं लांबलचक. खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. चहा गार झाला. आणि शेवटी दोनच शब्द टाकले, 'शिकतो, दादा.'