तिसरा आकडा

दापोडीहून चाकणला निघालेल्या बसमध्ये जयसिंगला डुलकी लागत होती. पुढच्या सीटवर एकाच कंपनीची ओळखपत्रं गळ्यात घातलेले दोघं बसले होते. बाई पार्ट तपासायच्या, आणि मापं भरायच्या त्यांच्या ऑनलाइन फॉर्मचा कोड पोरगा लिहायचा.

"प्रज्वल, ब्रेकच्या पार्टचं भोक बारा पॉइंट शून्य चार मिलिमीटरच्या वर गेलं की पार्ट बाद. काल गेज बारा पॉइंट शून्य चार सात दाखवत होता. तुझ्या फॉर्ममध्ये शेवटचा सात टाइपच होईना."

"ताई, पॉइंटच्या पुढं दोनच आकडे घ्यायचे, असा नियम आहे फॉर्मच्या कोडमध्ये."

"म्हणजे नोंद बारा पॉइंट शून्य चारचीच, आणि बाद पार्ट पास! आधी तर तीन आकडे जायचे."

"मागच्या सोमवारी बदललं."

"कुणी सांगितलं?"

"राहू द्या ना ताई."

"कुणाला वाचवतोयस?"

"तुम्हालाच. बदल करायला सांगणारा मेल तुमच्या आयडीवरून आलाय."

जयसिंगची झोप उडाली.

"सोमवारी मी दिघीत होते, बहिणीच्या डिलिव्हरीला. कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नाही."

"मग तुमचा पासवर्ड कुणाकडं आहे?"

"ऑडिटच्या वेळी आपल्या साहेबांनी मागून घेतला होता."

बाईंनी पर्समधून मोबाइल काढला.

"तो मेल मला पाठव. आत्ता."

"पाठवतो. पण दाखवणार कुणाला?"

"ज्यांच्या गाड्यांना हे ब्रेक लागतात, त्यांना."

"साहेबांना न विचारता?"

"त्यांनी मला विचारलं होतं का?"