तीन मिनिटांचं बटण

क्लॅरी: ते काही नाही. आधी हा फर्गस कोण ते सांग, मग मी गाडीतून उतरतो.

नोएलीन: क्लब दहाला उघडतो, दहाला पाच कमी आहेत. उतरायचं की नाही ते तू ठरव. माझी बस बाराची आहे.

क्लॅरी: दर मंगळवारी दोन वाजता. फ्रिजवरच्या कॅलेंडरात, तुझ्याच अक्षरात, नुसता 'फ'. आणि ओठांना लाली. काल फोनवर 'बरं, फर्गस' म्हणालीस, तेव्हा कुठे मला 'फ'चा उलगडा झाला. माझ्याबरोबर बाजाराला येताना कधी लाली लावलीस?

नोएलीन: माझ्याबरोबर बाजाराला तू शेवटचा कधी आलास?

क्लॅरी: विषय बदलू नकोस. मागे बॅग ठेवलीयस. त्याच्याकडे चाललीस?

नोएलीन: बहिणीकडे, बेंडिगोला. तू आत जाऊन 'मला यापुढे आत घेऊ नका' या कागदावर सही केलीस तर बॅग घरी परत येईल, नाही केलीस तर मी बसमध्ये बसेन. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय.

क्लॅरी: आणि फर्गस?

नोएलीन: तुझा खरंच जळफळाट होतोय?

क्लॅरी: होतोय. सत्तरीत होऊ नये असं कुठे लिहिलंय? आणि पूर्ण नाव लिहायचीही लाज वाटली तुला.

नोएलीन: लाज वाटली, पण त्याची नाही. घरातलं माणूस जुगारापायी हातचं जायला लागलं की मागे राहिलेल्यांशी बोलायला तो बसतो, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. पैसे घेत नाही. मी जाते, तुझ्याबद्दल बोलते, रडते, परत येते. लाली त्यासाठीच. वाटेत निम्मं गाव भेटतं, रडून आलेली दिसू नये म्हणून.

क्लॅरी: कधीपासून?

नोएलीन: फेब्रुवारीपासून.

क्लॅरी: म्हणजे त्याला माझं सगळं माहीत आहे. त्याला सांगितलंस, मला नाही.

नोएलीन: तुला सांगायला तू घरी सापडायला हवास. आता माझी पाळी. ती कोण?

क्लॅरी: कोण ती?

नोएलीन: झोपेत बडबडतोस, 'ती आज देणार, आज रंगात आहे.' मला वाटलं, क्लबात रोज असते ती ग्लेनिस. म्हणून एका दुपारी तुझ्या मागोमाग इथे आले, भांडायची पुरी तयारी करून. बघते तर ग्लेनिस पलीकडे एकटी, आणि तू त्या पोकीच्या, जुगाराच्या मशीनसमोर. पेलिकनची चित्रं फिरतायत, तुझ्या तोंडावर उजेड पडलाय, आणि एक हात मशीनच्या कडेवर, मायेने ठेवल्यासारखा. तेव्हा वाटलं, ग्लेनिस असती तर बरं झालं असतं. तिला चार शब्द सुनावता आले असते.

क्लॅरी: तिचं नाव काढू नकोस. मेली माझ्या पेलिकनवालीवर डोळा ठेवून असते. मी उठलो की ही टपकलीच. दिवसभर मी बसायचं, आणि ऐन वेळी ही येऊन घेऊन जाणार.

नोएलीन: बघ. फर्गसच्या नावाने नुसतं तोंड वाकडं झालं, ग्लेनिसच्या नावाने कानशिलं तापली.

क्लॅरी: तुला नाही कळायचं.

नोएलीन: फर्गस म्हणतो, त्या मशीनला काहीही आठवत नाही. आठ तास बसलेला माणूस आणि आत्ता आलेला माणूस तिच्या लेखी सारखेच. ती रंगात येत नाही की रुसत नाही. जे काय होतं ते तुझ्या डोक्यात.

क्लॅरी: तो बसलाय कधी तिच्यासमोर?

नोएलीन: बसलाय. सहा वर्षं. त्याच्या बायकोनेही अशीच बस पकडली. ती परत आली नाही.

क्लॅरी: हे नव्हतं सांगितलंस.

नोएलीन: विचारलंस कुठे? तू लालीवरच अडकलेला.

क्लॅरी: ग्लेनिसच्या धास्तीने मी लघवीलाही पळत जातो गं. एक बटण असतं. दाबलं की मशीन तीन मिनिटं आपल्यासाठी राखून ठेवतं, दुसऱ्या कोणाला बसता येत नाही. वर आकडे उलटे पळत असतात. तीन मिनिटांत परत नाही गेलं की संपलं.

नोएलीन: तीन मिनिटं.

क्लॅरी: बरोबर तीन.

नोएलीन: आणि माझा फोन आला की?

क्लॅरी: काय?

नोएलीन: आतल्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून तू बाहेर येऊन बोलतोस. बटण दाबून येतोस?

क्लॅरी: हो.

नोएलीन: नात झाली तेव्हा मी फोन केला. 'छान, छान, दोघी बऱ्या आहेत ना, ठेवतो.' माझा भाऊ गेला तेव्हा केला. 'अरेरे, ठेवतो.' मी खुळी समजायचे, शेजारी कोणी बाई आहे, म्हणून घाई. फोन ठेवल्यावर मनात यायचं, आता तिच्याशी काय बोलत असेल, कसा हसत असेल. तीन वर्षं मी त्या नसलेल्या बाईवर जळले, क्लॅरी.

क्लॅरी: तुझ्या भावाचं मला खरंच वाईट वाटलं होतं.

नोएलीन: किती वेळ?

क्लॅरी: असं विचारू नकोस.

नोएलीन: अजूनही हेवा वाटतो मला तिचा. एका यंत्राचा. तिच्याकडे तू धावत जातोस. माझ्याकडे कधी धावत आलास?

क्लॅरी: लग्नाआधी. तुझ्या बापाचा कुत्रा मागे लागला होता तेव्हा.

नोएलीन: हसवू नकोस. मी चिडलेय.

क्लॅरी: कागदाला फोटो लागतो म्हणे.

नोएलीन: आणलाय. तीन वर्षांत घरातल्या एकाही वाढदिवसाच्या फोटोत तू नाहीस. शेवटी क्लबच्याच पत्रकात मिळाला. शुक्रवारच्या सोडतीत मटणाचा ट्रे जिंकलास, तो. शेजारी ग्लेनिस होती, तिला कापून टाकलीय.

क्लॅरी: माझा कानही गेलाय.

नोएलीन: फार जवळ उभी होती.

क्लॅरी: दारावर नील असतो. शाळेची बस चालवायचो तेव्हा त्याला मी पाच वर्षं नेलं-आणलं. आता तो मला दारातून परत पाठवणार.

नोएलीन: मारामारी केली म्हणून तूही त्याला दोनदा उतरवलं होतंस. फिटेल.

क्लॅरी: ऑफिसात जायला पेलिकनवालीसमोरूनच जावं लागतं.

नोएलीन: मी येऊ?

क्लॅरी: नको. आण तो फोटो. जमेलच असं नाही सांगत.

(अर्ध्या तासाने. नोएलीन गाडीतच बसून आहे. फोन वाजतो.)

नोएलीन: हं.

क्लॅरी: मीच. झाली सही. गावात अशी मशीनं असलेल्या चारही ठिकाणांसाठी. नीलने स्वतःचं पेन दिलं. कानाचं काही विचारलं नाही.

नोएलीन: आहेस कुठे?

क्लॅरी: मागच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्यांजवळ. लगेच तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही.

नोएलीन: ग्लेनिस दिसली?

क्लॅरी: बसलीय माझ्या पेलिकनवालीसमोर. जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू. अजून होतोय.

नोएलीन: फर्गस म्हणाला होता, आधी असंच होतं. काही दिवस फार जड जातील म्हणून.

क्लॅरी: मंगळवारी मी त्याच्याकडे आलो तर चालेल?

नोएलीन: ये की. पण दोनची वेळ माझी आहे. तू तुझी वेगळी घे.

क्लॅरी: बरं.

नोएलीन: आणि बॅग जड आहे. घरी गेल्यावर तूच उतरव.

क्लॅरी: उतरवतो. नोएलीन, फोन ठेवू नकोस.

नोएलीन: नाही ठेवत. काय बोलू?

क्लॅरी: तुझ्या भावाचं सांग. तो गेला त्या दिवशी काय काय झालं ते.

नोएलीन: बरंच मोठं आहे ते.

क्लॅरी: असू दे.