टाके पडतीन!

हसू नका बायांनो, आलापल्लीच्या जंगल नाक्यावर बस थांबली तेव्हा माह्या जिवाचं पाणी झालं होतं. आता नवी लोकर आणायची नाई, असं आमच्या ह्यायनं बजावलं होतं. म्हणून मांडीवरच्या पिशवीत पोहे हायेत, असं मी बाजूले बसलेल्या ह्यायले सांगितलं होतं. आत होते बाजारातले जुने स्वेटर उसवून केलेले लोकरीचे गोळे, अन् सुयांवर बहिणीच्या बाळाचं अर्धं विणलेलं टोपडं.

तपासणीले बसमध्ये चढलेल्या जंगलाच्या गार्डनं सरळ पिशवीत हात घातला. सुया निसटतीन म्हणून मी ओरडली, "हात नका घालू भाऊ, टाके पडतीन!"

त्यानं झटक्यात हात काढला. "काय पकडून नेऊन राह्यल्या बाई? चावते काय?"

अख्खी बस उभी झाली. हेही घाबरून सीटवरून उठले. शेवटी मीच पिशवी उलटी केली. रंगीत गोळे गडगडत ह्यायच्या पायापाशी गेले.

ह्यायनं गोळ्यांकडे पाह्यलं, मग माह्याकडे.

"चावलं असतं तं परवडलं असतं."