लेल्यांकडचं शुक्रवारचं जेवण

मी व्हिएन्नाची. हो, तेच, युरोपातलं. असे डोळे मोठे करू नका, लिहायला आलात ना, मग लिहा. बाप घड्याळं दुरुस्त करायचा. आम्ही ज्यू, आणि जर्मनीतून त्या मिशीवाल्याचं राज्य आलं, त्याचं नाव मी तोंडात घेत नाही, तर बापाला गुडघ्यावर बसवून ब्रशानं रस्ता घासायला लावला. शेजारीपाजारी उभे राहून हसत होते. दटावणाऱ्यांची तोंडं विसरले मी, हसणाऱ्यांची नाही विसरले.

मग बोटीनं मुंबई. आई वाटेतच गेली. इथं लढाई सुरू झाली तर इंग्रज म्हणतो, तुमचे पासपोर्ट जर्मन, तुम्ही शत्रू. काय सांगू तुम्हाला, ज्यांच्यापासून पळालो त्यांच्याच बरोबर कोंडलंन आम्हाला, पुरंदरावर. बाप तिथंच तापानं गेला. पेणची एक नर्स होती, बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, तिनं मला घरी नेलंन, मराठी शिकवलीन, शनिवार पाळायला शिकवलंन, आणि मग सूनही करून घेतलंन.

आता मुलाकडं, दोहात, बिन महमूदला. मुलगा सॅम्युअल, इथं समीर. वर्ल्डकपचं स्टेडियम बांधतायत तिथं इंजिनियर. आल्या दिवशीच बजावलंन, आई, आपण कोण ते इथं बोलायचं नाही, नोकरी जाईल. बसले गप्प. समोरच्या घरात त्याचे साहेब, लेले. लेलेबाईनं माझे घारे डोळे बघितलेन, रंग बघितलान, इथलं मटण मी खात नाही हेही बघितलंन, आता ते आमच्या माणसानं कापलेलं नसतं म्हणून खात नाही, पण तिनं ठरवून टाकलंन मी कोकणस्थ. लाड नुसते.

मग शुक्रवारी सुट्टीचं जेवायला बोलावलंन. लेले भात कालवत म्हणतो, हे लेबर लोक सावली दिसली की बसतात, यांना तो जर्मनीवाला पाहिजे होता, सुतासारखं सरळ केलं असतं. आणि माझा मुलगा हसला.

घास मी ताटात ठेवला. म्हटलं, लेले, तुमच्या त्या जर्मनीवाल्यानं माझ्या बापाला रस्ता घासायला लावलंन, मी ज्यू आहे. लेलेबाई म्हणते, अहो, पण तुमचे डोळे? लेले म्हणतो, आजी, मला शिस्त म्हणायची होती. समीर उठलाच, यल्ला, आई, चल.

संध्याकाळी दिवा लावला, आमचा शनिवार तिथून सुरू होतो. शुक्रवारी दिव्यापुढं आम्ही पोरांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो, पन्नाशी आली त्याची तरी कधी चुकवलं नाही. आला, वाकला. मी हात मागे घेतला. म्हणे आई, साहेबानं विनोद केला की हसावं लागतं. म्हटलं, आमचे शेजारीही हेच म्हणाले असते.

आता तिकीट काढलंन माझं, पेणला पाठवतोय. जाते, मला काय. मध्ये एक शुक्रवार आहे. समीरला लेल्याच्या दारात उभा राहून सांगू दे, की तो रस्ता घासणारा माझा आजा, आणि मी हसलो ते चुकलं. मग ठेवीन हात. नाही तर पेणला दिवा मी एकटी लावीन.