फळी उचलायची माणसं

त्या गणेशचं कवतिक मला नका सांगू. कॉलेजच्या एनसीसीतून लष्करी अधिकाऱ्याच्या निवडीला आमी दोघं भोपाळला गेलतो. तिथं सगळ्या गटानं लाकडी फळी टाकून खड्डा पार करायचा हुता. हा पठ्ठ्या कमरेवर हात ठेवून उभा. मी म्हणलं, "फळी धर की बे."

म्हणला, "मी अधिकारी व्हायला आलोय. फळी उचलायला माणसं असत्यात."

परीक्षक शेजारीच उभे हुते. त्याला घरी पाठवलं, संगं मलाबी.

आता त्यानं आमच्या कडा गावात अधिकारी भरतीची अकॅडमी काढलीय. परवा गेलतो, तर फी भरलेली पोरं त्याच्या नव्या घराच्या इटा वाहत हुती आन हा सावलीत खुर्ची टाकून बसलेला.

मी इचारलं, "हे काय शिकवतोस बे?"

म्हणला, "नेतृत्व."